वर्गणीचा आसरा

मुंबईच्या गिरणगावात नव्याने आलेल्या कामगाराची विचारपूस करावयाची झाली, तर "राहतोस कुठे?" हा एकच प्रश्न पुरेसा नसे. त्याची पेटी एका ठिकाणी असे, जेवण दुसऱ्या ठिकाणी होई आणि पाठ टेकावयास तो बहुधा तिसऱ्याच ठिकाणी जाई. पेटी गावकऱ्यांच्या गाळ्यात, जेवण खानावळीत आणि निजणे चाळीच्या गॅलरीत, जिन्याखाली किंवा फुटपाथवर, अशी एका माणसाच्या घराची तीन शकले झालेली असत. अशा माणसाला बेघर म्हणावे किंवा नाही, हा वाद कायदेपंडितांनी हवा तर करावा. परंतु त्या माणसाला या अफाट शहरात टिकवून धरणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न इतिहासाचा आहे; आणि श्रोतेहो, त्याच प्रश्नाचा विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

या विचारासाठी करी रोडसारखे दुसरे ठिकाण नाही. मध्य रेल्वेवरील या लहानशा स्टेशनाला शेजारच्या बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे १८६५ ते १८७५ या काळातील एजंट करी यांचे नाव मिळाले, असे मुंबईच्या स्थलनामांचे अभ्यासक सांगतात. स्टेशनाच्या पूर्वेस लालबाग, उत्तरेस परळ आणि पश्चिमेस पूर्वीचा डिलाइल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली, आणि पुढील अर्धशतकात गिरण्यांची धुराडी उत्तरेकडे सरकत सरकत या भागावर दाट उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून माणसांचे लोंढे आले. गिरणीला माणसांचे हात हवे होते. परंतु ते हात रात्री कोठे विसावतील याची काळजी वाहण्याचे कारण बहुतेक गिरणीमालकांना वाटले नाही.

मुंबईला दानधर्माची परंपरा नव्हती असे मात्र नाही. बेलासिस रोड, ज्याला आज जहांगीर बोमन बेहराम मार्ग म्हणतात, तो १७९३ साली पुरा झाला, तो सुरतेकडच्या दुष्काळातून अन्नाच्या शोधात मुंबईस आलेल्या निराश्रितांच्या श्रमांतून. भुकेल्याला काम देऊन पोसावे ही कल्पना तेव्हाही होती. त्याच रस्त्यावर पुढे सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाची धर्मशाळा उभी राहिली. वृद्ध, पंगू, अनाथ अशा माणसांना तिने छत्र दिले, आणि शेटियांच्या औदार्याचे ते एक मोठे स्मारक होय. परंतु धर्मशाळेचे धोरण दोन प्रकारच्या माणसांस ओळखते : एक वाटसरू आणि दुसरा अनाथ. गिरणीकामगार वाटसरू नव्हता, कारण त्याला वर्षानुवर्षे येथेच राबावयाचे होते. आणि तो अनाथही नव्हता, कारण त्याचे आईबाप, बायकामुले, घर आणि चार गुंठे शेत गावी होते. कमावता असूनही ज्याला निजावयास जागा नाही, अशा माणसाची सोय दानधर्माच्या जुन्या वहीत कोठल्याच सदराखाली बसत नव्हती.

ती सोय कामगारांनी स्वतःच लावली, आणि तिचेच नाव गाळा. कोणी तिला गावकीची खोली म्हणत, तर चंदगड-आजऱ्याकडील मंडळी बैठकीची खोली म्हणत. एका गावचे पुरुष एकत्र येऊन चाळीतील एक खोली भाड्याने घेत. दहा बाय दहा किंवा दहा बाय पंधरा फुटांच्या त्या जागेत वीस, तीस, प्रसंगी त्याहूनही अधिक सभासदांची नावे असत. भिंतीलगत पत्र्याच्या पेट्यांची उतरंड, वर कपड्यांसाठी आडव्या बांधलेल्या दोऱ्या, आणि कोपऱ्यात ग्रामदैवताची तसबीर, एवढाच तेथील संसार. दिवसपाळीचे लोक गिरणीत गेले की रातपाळीचे त्याच फरशीवर आडवे होत. जागा अपुरी पडे म्हणून उन्हाळ्याच्या रात्री वळकटी काखोटीस मारून अर्धी मंडळी रस्त्यावर जात. पावसाळ्यात मात्र सर्वांना आत सामावून घेण्याची कसोटी लागे.

या व्यवस्थेचे मर्म तिच्या नियमांत होते. प्रत्येक सभासद दरमहा ठरलेली वर्गणी देई. तीतून भाडे भागे, आणि जे उरे ते गावच्या देवळास, शाळेस, विहिरीस किंवा वाटेस जाई. गावाहून नवा पोरगा आला की त्यास काम लागेपर्यंत गाळ्यात थारा मिळे; वर्गणी पुढे पगार सुरू झाल्यावर. कोणी आजारी पडला तर त्याला गावी पोहोचविणे, कोणी दगावला तर त्याची क्रिया करणे, ही गाळ्याची जबाबदारी मानली जाई. गावाहून पत्र येई ते गाळ्याच्या पत्त्यावर, आणि गावी मनीऑर्डर जाई तीही त्याच पत्त्यावरून. म्हणजे गाळ्याने माणसाला छपराहूनही मोलाच्या गोष्टी दिल्या : पत्ता, पेटी ठेवण्यास निर्धास्त जागा, आणि वहीत लिहिलेले नाव. आज जो घेणारा तोच उद्या देणारा, त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जाण्याचे कारण उरत नसे. गाळ्यातील आसरा हा उपकार नव्हता, ती फेड होती.

अशी व्यवस्था केवळ करी रोडचीच होती असे नव्हे. याच शहरात धोबी तलाव आणि माझगावच्या बाजूस गोव्यातील ख्रिस्ती बांधवांनी आपापल्या गावांच्या नावांनी कूड स्थापन केले. बोटीवर नोकरी शोधणारा खलाशी, घरकामास आलेला आचारी, सर्वांस तेथे अल्प वर्गणीत पेटी ठेवण्यास जागा आणि संध्याकाळच्या प्रार्थनेस सोबत मिळे. धर्म वेगळा, भाषेची धाटणी वेगळी, पण युक्ती एकच : परक्या शहरात गावाने आपल्या माणसासाठी धरलेली एक खोली.

गाळ्याच्या जोडीस खानावळ होती. ती चालविणाऱ्या बहुधा कामगारांच्या बायका किंवा विधवा असत. एकेका चुलीवर वीस-पंचवीस पुरुषांचा स्वयंपाक होई आणि हिशेब पगाराच्या दिवशी चुकता होई. परंतु पगारच थांबला तर? १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणीकामगार संपावर होते. अशा प्रसंगी पुष्कळ कामगार गावी गेले. जे राहिले त्यांच्या ताटात उधारीवर भाकरी वाढणारी खानावळवाली संपाचा भार आपल्या चुलीवर वाहत होती. तिच्या या उधारीची नोंद कोणत्याही दानपत्रात झालेली नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले आणि त्यांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कोठे या स्त्रियांच्या श्रमाला सार्वजनिक मान्यता आली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर संपलाच नाही, आणि खानावळींची कित्येक देणी बुडाली ती कायमची.

येथवर ऐकून गाळ्याविषयी मनात आदर उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहासकाराने आदरापाशी थांबून चालत नाही. गाळ्याचे दार कोणासाठी उघडत नव्हते, हेही पाहिले पाहिजे. गाळा गावाचा, आणि गाव म्हणजे जातीची उतरंड. जी शिव गावात होती तीच बोरीबंदरावर उतरून गाळ्यातही शिरली. गिरणीतसुद्धा अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात शिरकाव नव्हता, कारण तेथे तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगारांस त्याचा विटाळ वाटे. जेथे मागावर शेजार नाही, तेथे वळकटीस वळकटी कशी लागणार? त्यांची वस्ती वेगळ्या चाळींतून झाली. परळच्या पोयबावडी येथील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कुटुंब १९१२ पासून सुमारे दोन तपे राहिले. तेथील दोन लहान खोल्या म्हणजेच त्यांचे बिऱ्हाड आणि अभ्यासिका. त्यांनी १९२४ साली जी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली, तिच्या पहिल्या कार्यांपैकी एक म्हणजे १९२५ साली सोलापूर येथे उघडलेले विद्यार्थी वसतिगृह होय. ज्याला कोणाच्याही ओसरीवर जागा नाही त्याच्यासाठी आधी निवारा, मग विद्या, हा क्रम त्यांनी अनुभवाने ठरविला होता.

दुसरे बंद दार स्त्रियांचे. गाळा पुरुषांचा. नवरा मेलेली, टाकलेली किंवा घरातून निघालेली बाई गाळ्याच्या उंबऱ्यावरही उभी राहू शकत नव्हती. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापिले ते स्त्रियांचीच गरज ओळखून. परंतु अशा संस्था थोड्या होत्या आणि गिरणगावातील बाईला गिरगावापर्यंत पोहोचणे सोपे नव्हते. तिसरे बंद दार ज्याला गावच उरले नाही त्याचे : दुष्काळाने उठलेला, अनाथ, वेडसर, रोगी. वर्गणीचा आसरा श्रेष्ठ खरा, पण तो वर्गणी देऊ शकणाऱ्यांचा. ही त्याची मर्यादा.

या मर्यादेपलीकडे जाण्याचा पहिला सुसंघटित प्रयत्न स्वयंसेवकांचा होता. ना. म. जोशी यांचा जन्म १८७९ साली कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. १९०९ साली ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन झाली. लंडनमध्ये १८८४ साली टॉयन्बी हॉल व शिकागोत १८८९ साली हल हाउस या संस्था निघाल्या होत्या; शिकलेल्या तरुणांनी गरिबांच्या वस्तीत जाऊन त्यांच्यासमवेत राबावे, हे त्यांचे सूत्र. लीगने ते मुंबईच्या चाळींस लावून पाहिले. रात्रशाळा, फिरती वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या अशी तिची कामे चालत, आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तिचे स्वयंसेवक रुग्णांच्या दारी गेले. १९२२ साली परळला तिचा दामोदर हॉल उभा राहिला. तोच पुढे नाट्यगृह म्हणून महाराष्ट्रास परिचित झाला. बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यही याच वास्तूत सुरू झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जोशी यांच्या कार्याचा विशेष असा की सेवा करता करता ते सेवेच्या मर्यादेस पोहोचले आणि तेथे थबकले नाहीत. औषधाची बाटली देऊन ज्या खोलीतला रोग हटत नाही, त्या खोलीचाच विचार करणे भाग असते. १९२१-२२ साली सरकारच्या कामगार कचेरीने मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा शंभरातील ९७ कुटुंबे एकेका खोलीत राहत असल्याचे आढळले. अशा स्थितीत खरी गरज पुरेसे वेतन, कामाचे मर्यादित तास आणि कायद्याचे संरक्षण यांची आहे, हे ओळखून जोशी १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत सहभागी झाले, १९२६ साली त्यांनी मुंबईच्या कापड कामगारांचा संघ काढला, आणि पुढे कामगारविषयक शाही कमिशनवरही त्यांनी काम केले. दयेकडून हक्काकडे जाणारा हा मार्ग त्यांनी आयुष्यभर चालला. करी रोडच्या पश्चिमेचा रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो, तो उगीच नव्हे.

सरकारनेही हात हलविले, पण सावकाश. १८९६ च्या प्लेगने हादरल्यावर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने प्रारंभीच्या काळात दाट वस्त्या पाडल्या अधिक आणि चाळी बांधल्या कमी, त्यामुळे पुष्कळांना होता तोही आसरा गमवावा लागला. १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले आणि वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे बी. डी. डी. चाळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०७ इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. पण भाडे कामगारास परवडेना, वरळी गिरण्यांपासून दूर पडे. त्यामुळे तेथील कित्येक खोल्या दीर्घकाळ रिकाम्या राहिल्या, आणि सविनय कायदेभंगाच्या चळवळीत तेथे सत्याग्रही कैदी ठेवण्यात आले. एकीकडे फुटपाथवर माणसे, दुसरीकडे रिकाम्या खोल्या! भिंती बांधल्या म्हणजे निवारा झाला, असे होत नाही. त्याची भाड्याशी, कामाच्या अंतराशी आणि माणसांच्या सोबतीशी सांगड घालावी लागते. जे गाळ्यातील निरक्षर सभासदास कळत होते, ते मोठ्या खात्यास कळावयास वेळ लागला.

आसऱ्याची आणखी एक निराळी परंपरा महाराष्ट्राने गाडगे महाराजांच्या रूपाने पाहिली. १८७६ ते १९५६ हा त्यांचा जीवनकाळ. स्वतःसाठी एक झोपडीही न ठेवणाऱ्या या पुरुषाने लोकांकडून पैसा मागून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर जिला देवाच्या दारातही जागा नव्हती अशा यात्रेकरू जनतेसाठी होती, आणि १९४९ साली ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. जुनी धर्मशाळा शेटियाच्या नावाने चाले; गाडगेबाबांची धर्मशाळा लोकांच्या वर्गणीची आणि विश्वस्तांच्या हिशेबाची. गाळ्याची रीत त्यांनी गावाच्या व जातीच्या कुंपणाबाहेर नेली, हे त्यांचे मोठे ऐतिहासिक कार्य होय.

या परंपरेची गरज परळला आजही भासते, कारण आता तेथे वेगळ्या प्रकारचा बेघर येतो. १९२६ साली के. ई. एम. आणि १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून कर्करोगाचे रुग्ण येथे येतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि सोबत आलेल्या माणसांची पुंजी संपली की रुग्णालयाच्या भिंतीलगतचा फुटपाथ हेच त्यांचे बिऱ्हाड होते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि १९६८ साली स्थापन झालेली नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्थांनी अशांपैकी अनेकांस छप्पर दिले आहे. तरीही फुटपाथ रिकामा झालेला नाही.

आणि कायदा? त्याचा इतिहास दुतोंडी आहे. १९४५ साली मुंबई प्रांतात भिकाऱ्यांविषयी कायदा झाला आणि १९५९ साली मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम आला. त्याअन्वये उघड्यावर राहणारा निर्धन मनुष्य अटकेस पात्र ठरू शके. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्याच्या दिल्लीस लागू केलेल्या प्रमुख तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. दुसरीकडे, १९८१ साली मुंबईच्या फुटपाथवासीयांना हुसकावण्याचा हुकूम निघाला तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने १९८५ साली निर्णय दिला की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने मानला नाही. पावसाळा संपेपर्यंत थांबावे आणि रीतसर सूचना द्यावी, एवढेच सांगितले. तत्त्व मोठे मिळाले, छप्पर मिळाले नाही. २०१० साली त्याच न्यायालयाने मोठ्या शहरांत लाखामागे एक कायम निवारा हवा असा आदेश दिला. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले, त्यांपैकी सुमारे ५७ हजार बृहन्मुंबईत. शहराची लोकसंख्या तेव्हा सुमारे १ कोटी २४ लाख होती. त्या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. मुंबईने तो आकडा गाठलेला नाही.

या सर्व इतिहासाचा आजच्या दात्यास आणि स्वयंसेवकास बोध कोणता? थंडीच्या रात्री घोंगडी वाटणे, सणाच्या दिवशी अन्न देणे, हे वाईट नव्हे. ज्याला थंडी वाजते त्याला तत्त्वज्ञान ऐकविणे हीच क्रूरता. परंतु घोंगडी पहाटे महापालिकेच्या गाडीत जाते, आणि माणूस पुन्हा होता तेथेच राहतो. गाळ्याने दिले ते निराळे होते. पत्ता दिला, म्हणजे पत्र आणि पुढे शिधापत्रिका. पेटीला जागा दिली, म्हणजे कागदपत्र, औषध व चार पैसे सुरक्षित. वहीत नाव दिले, म्हणजे एके रात्री माणूस आला नाही तर कोणाच्या तरी ते ध्यानात येई. आणि वर्गणी घेतली, म्हणजे स्वाभिमान दिला. भायखळ्याच्या फुटपाथवरील स्त्रियांनी १९८६ पासून महिला मिलन या नावाने एकेक रुपया साठवीत घरांची तयारी केली, तेव्हा त्यांनीही नकळत हीच वाट धरली होती. आणि या वेळी दार उघडणाऱ्या त्या बायकाच होत्या.

आज करी रोडच्या भोवती गिरण्यांच्या जागी उंच मनोरे उभे आहेत. चाळी पाडून नव्या इमारती होत आहेत, आणि गाळे एकामागून एक मिटत आहेत. तेथील जुन्या सभासदांना काही मोबदला मिळेल, कदाचित गावच्या देवळास नवा कळसही चढेल. पण गावाहून, किंवा गावच नसलेल्या मुलखातून, उद्या जो नवा पोरगा या स्टेशनावर उतरेल, त्याची पेटी कोठे ठेवावयाची? शंभर वर्षे हा प्रश्न गरिबांनी आपसात वर्गणी काढून सोडविला, आणि ज्यांना गाव नव्हते ते बाहेरच राहिले. त्यांचे गाव होण्याची पाळी आता या शहराची आहे. शहरास वर्गणी नवी नाही; प्रत्येक नागरिक कराच्या रूपाने ती देतच असतो. उणीव आहे ती वहीत त्यांची नावे लिहिण्याची.